फोनवरचं भांडण

माझं आणि माझ्या सुनेचं पटायचं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कंपनीच्या वकिलाला वाटलं होतं की हे गुपित त्यानेच खणून काढलं. अहो, आमच्या अख्ख्या जिन्याला ठाऊक होतं ते!

सून कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. शिवून आलेले शर्ट उलटेसुलटे करून बघायचे, वाकडी शिवण दिसली की परत पाठवायचे. घरीही तीच नजर. मी घासलेलं पातेलं उजेडात धरून बघायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या कारखान्यात मालाची लिफ्ट आहे. लिफ्ट मजल्यावर नसेल तर तिचं दार उघडता कामा नये. ते उघडायचं. कामगारांनी तक्रार केली, मॅनेजरने कानाडोळा केला. एका सकाळी सुनेने दार ओढलं, नेहमीसारखं पाऊल टाकलं, आणि आत लिफ्ट नव्हती.

त्या वेळी ती फोनवर माझ्याशी भांडत होती. आजूबाजूच्यांनी ऐकलं होतं.

कंपनीने तेच धरलं. मॅनेजर घरी आला, चेहरा पाडून बसला, कागद पुढे सरकवला. माणुसकीच्या नात्याने कंपनी मदत करणार, आम्ही लिहून द्यायचं की तिचंच लक्ष नव्हतं. दावा लावलात तर घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर येतील, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मुलाने पेन उचललं.

"ठेव ते खाली," मी म्हणाले.

"आई, तुला कळत नाहीये. ते तुला उभं करतील. सगळ्यांसमोर म्हणतील, हिच्यामुळे गेली."

"म्हणू दे. भांडणाने माणूस मरत असता तर आमच्यातली एक पहिल्याच वर्षी गेली असती."

मॅनेजरला हसावं की नाही कळेना. मुलगा मात्र रडला, ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवला असता तर माझाही बांध फुटला असता, आणि त्या माणसासमोर मला ते नको होतं. कागद सहीविनाच परत गेला. मुलाने एका वकीलबाईंकडे जाऊन दाव्यावर सही केली.

नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं. जाऊ म्हणाली, "जिवंतपणी छळलंत, आता कसला पुळका?" मी तिला दार दाखवलं. पण ते लागलं. मी फोन उचललाच नसता तर, असं मनात यायचंच. मग डोळ्यांसमोर लिफ्टचं दार यायचं आणि डोकं फिरायचं.

सुनावणीच्या दिवशी कंपनीचा वकील साखर पेरत उठला. "आजी, भांडण कशावरून झालं, आठवतं का?"

"मी तुमची आजी नव्हे. आणि आठवतं. इतके महिने भांडण-भांडण करताय, कशावरून ते आज विचारताय."

आमच्या वकीलबाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना एकट्यांनाच मी सांगितलं होतं. मुलाने कधी विचारलं नव्हतं, त्याला भीती वाटत असावी.

"मी पंखा पुसायला स्टुलावर चढले होते. तेवढ्यात तिचा फोन आला. स्टुलावर आहे म्हटल्यावर ओरडायलाच लागली, आई, पडाल, आधी खाली उतरा. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. ती म्हणाली, पाय जमिनीला टेकल्याचं सांगा, तोवर फोन ठेवणार नाही."

वकिलाने हातातला कागद उलटला. "म्हणजे तिचं लक्ष तुमच्याकडे होतं," तो म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"होतं ना! दार उघडलं म्हणजे आत लिफ्ट आहे, एवढा विश्वास तिने तुमच्या दारावर टाकला. लक्ष माझ्याकडे होतं. मी चिडत चिडत उतरले. म्हटलं, टेकले गं बाई पाय. पलीकडून काही आलं नाही."

मुलगा मागच्या बाकावरून उठून उभा राहिला होता. साक्ष टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली होती.

"थांबू नका," मी त्यांना म्हणाले. "सगळं लिहा."