घरात बोलली जाणारी भाषा

"घरात आम्ही फक्त इंग्रजीच बोलतो हो, अगदी सकाळपासून!" हे त्या गृहस्थांनी जनगणनेच्या मोजणीवाल्या बाईंना चक्क मराठीत सांगितलं. वर आतल्या बायकोला ओरडूनही झालं, "अगं, चहा टाक!"

बाईंना किळस आली. आजचं हे नववं घर, आणि नऊही घरांत हाच शहाणपणा. पोटात एक, ओठात एक आणि फॉर्मवर तिसरंच! इंग्रजी किती येतं? "फार चांगलं." हेही मराठीत.

"आजोबांचं काय लिहू?"

दाराशी, चपलांच्या कपाटाला टेकून म्हातारे स्टुलावर बसले होते. उभा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलेला. बोटांच्या पेरांत काळं तेल कायमचं मुरलेलं.

"बाबांचंही इंग्रजीच लिहा. एका घरात दोन भाषा कशाला?"

"ज्याचं त्याला विचारायचं, असा नियम आहे." बाई म्हाताऱ्यांकडे वळल्या. "आजोबा, इंग्रजी येतं?"

"छे!"

"मग घरात काय बोलता?"

म्हाताऱ्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. "मी घरात बोलत नाही, बाई. माझ्या बोलण्यानं नातीचं इंग्रजी बिघडतं म्हणतात."

मुलगा ओशाळला बिशाळला काही नाही. फोन वाजला तसा उठून आत गेला. थू तुमच्या इंग्रजीवर, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं.

त्याची पाठ फिरली मात्र, म्हातारे हळू आवाजात बोलायला लागले. कुठल्या विहिरीवर कुठला पंप बसवला, कुठला मालक कसा खवट होता, सगळं भडाभडा. बाईंची अजून अकरा घरं राहिली होती, पण त्या हलल्या नाहीत. वीस मिनिटं ऐकत राहिल्या, मध्ये मध्ये हसल्याही.

"हापसा बंद पडून राहिला ना बाई, की आतलं कातडं सुकतं. मग किती का दांडा मारा, पाणी चढत नाही. अशा वेळी आधी वरून..."

आत सपाता वाजल्या. म्हातारे गप्प झाले आणि भिंतीकडे बघत बसले.

संध्याकाळी कचेरीत साहेबांनी फॉर्म चाळले. "या म्हाताऱ्यांचा भाषेचा रकाना कोरा का?"

"ते घरात बोलतच नाहीत म्हणाले."

"मग कुटुंबप्रमुखाची भाषा टाका, इंग्रजी."

बाईंनी पेन काढलं आणि मराठी लिहिलं.

"अहो, ते म्हातारे घरात बोलतच नाहीत म्हणता ना? मग भाषा कसली?"

"बोलले ना. माझ्याशी, त्यांच्याच घरात. चांगली वीस मिनिटं."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पुढचा फॉर्म ओढला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. आधी वरून काय करायचं, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.