ओन्नीची जागा

तौनो रेकोला आमच्याकडे आला तो एका रविवारी, चर्च सुटल्यावर. तो आणि माझा भाऊ ओन्नी रशियनांशी झालेल्या युद्धात एकाच तुकडीत होते. तौनोनं त्यावर कादंबरी लिहिली होती आणि हेलसिंकीचा प्रकाशक ती स्वातंत्र्यदिनाच्या आत काढणार होता. घोडं अडलं होतं ते ओन्नीच्या मरणापाशी.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात आघाडी मोडली, तेव्हा ओन्नी बंदूक टाकून घराकडे चालू लागला. आपल्याच लोकांनी त्याला पकडलं आणि गोळी घातली. आमच्याकडे मेलेला सैनिक गावी आणून पुरतात, तसा तोही आला. पण चर्चच्या दफनभूमीत, वीरांच्या रांगेत पाद्र्यानं त्याला जागा दिली नाही, मागे भिंतीकडे दिली. सगळ्या गावाला माहीत होतं, तोंडानं कुणी बोलायचं नाही. नाताळच्या संध्याकाळी त्या रांगेत मेणबत्त्यांचा लखलखाट असायचा आणि भिंतीकडे आमची एकटी मेणबत्ती. मला लाज वाटायची.

"काकू," तौनो म्हणाला, "प्रकाशक म्हणतात, गोळी रशियन करा. लोकांना आता आपल्या सैन्याबद्दल वाईट वाचायचं नाहीये. आणि पुस्तक गाजलं तर पाद्रीही विरघळेल."

आई कॉफी ओतत होती. "तू काय म्हणालास?"

"तुम्हाला विचारून सांगतो म्हणालो."

"वा रे शहाण्या! खोटं मी बोलायचं आणि पुस्तकावर नाव तुझं."

"आई, हो म्हण ना," मी म्हणाले. मला ती रांग हवी होती.

"गप्प बस. माझं पोर माझ्याकडे यायला निघालं होतं, म्हणून मेलं. तेवढंच माझ्यापाशी आहे. तेही छापून पुसू?"

तौनोनं गोळी बदलली नाही. प्रकाशकानं मग प्रकरणच काढून टाकलं. पुस्तक घराघरांत गेलं, शाळेतही लागलं. त्यात ओन्नी अर्ध्यातून नाहीसा होतो, पण एकाही वाचकानं विचारलं नाही की हा पोरगा गेला कुठे. आई गेली तेव्हा तिच्या सांगण्यावरून तिला भिंतीकडेच, त्याच्या शेजारी पुरलं.

पुढे तौनोही गेला. मग वारं फिरलं. त्याच प्रकाशनानं गाळलेलं प्रकरण घालून नवी आवृत्ती काढली, मुखपृष्ठावर झेंडा. मागे छापलं होतं, ओन्नीसारख्यांनीही देशासाठीच प्राण दिले. वाचून मला हसू आलं आणि रागही आला.

महिन्याभरात नवा पाद्री दारात. तरुण, सज्जन, डोळ्यांत पाणी.

"आजी, मोठी चूक झाली आपली. आम्ही ओन्नींना वीरांच्या रांगेत हलवतोय. स्वातंत्र्यदिनी, बँड लावून. तुमची संमती तेवढी हवी."

"आणि आई?"

तो गडबडला. "त्या... ती रांग फक्त सैनिकांची आहे ना."

जन्मभर मी या निरोपाची वाट पाहिली होती. त्याला कॉफी दिली, गोड पाव दिला.

"नको हलवू बाबा त्याला," मी म्हणाले. "तो पोचलाय."