भिंतीतला गुंतवळ

एकतीस सालची गोष्ट. माझा थोरला चार महिन्यांचा झाला आणि माझे केस पुंजक्यांनी गळायला लागले. नवरा जिवंत असताना सोवळ्या बाईसारखं डोकं होणार, ही लाज सांगू कुणाला? घरातही मी पदर कपाळापर्यंत ओढून वावरायची.

गळलेल्या केसांचा गुंतवळ मी गोठ्याच्या भिंतीतल्या फटीत कोंबायची. एरंडोलकडून सुया-पोत विकणारी यायची, ती गुंतवळ घेऊन सुया द्यायची. मी तिच्यासमोरही जात नसे. एक दिवस पाहते तर फट रिकामी, आणि माझी सासू भागाबाई ओट्यावर त्या बाईशी कुजबुजतेय! माझा भडका उडाला.

"दोन सुयांसाठी माझी अब्रू विकली ना?" शेजारणींसमोर मी ओरडले. सासू उठून आत गेली.

नणंदेच्या मुलीचं लग्न अमळनेरला होतं. निघायच्या सकाळी सासूने अंबाड्यात घालायचं गंगावन माझ्या हातात ठेवलं. त्या बाईकडून तिने ते माझ्याच केसांचं करून घेतलं होतं. पण मधेमधे पांढरे केस दिसले.

"हे कुणाचे?" मी फणकारले.

"तुना केस पुरनात नहीत, म्हनीसन मना टाकात," आपल्या पांढऱ्या केसांना हात लावत ती हळूच म्हणाली. "मना बी दर बाळंतपनले असाच गयात. वरीसमा परत येतस."

एवढं सांगण्याआधी तिने दार आतून लावून घेतलं होतं.