डुर्लिनांचे मूळ

फेलिम डुर्लिन गुडघे टेकून लोणी लावायच्या बोथट सुरीने थडग्याच्या दगडावरचे शेवाळ खरवडत होते आणि त्यांच्या शेजारी वाकलेला पाथरवट डोनाल लॅव्हेल दगडावर खडूने लिहिलेली ओळ वितीने मोजत होता.

"मास्तर, बसत नाही हो."

"काय बसत नाही?"

"तुमचे पूर्वज. दगड लहान पडतोय."

"अक्षरे लहान कर."

"आणखी लहान केली तर फक्त देवालाच वाचता येतील. आणि त्याला आयरिश येतं की नाही, कोण जाणे." डोनालने खडू कानामागे खोचला. "बरं, हा शब्द कसा लिहायचा? यात 'ह' आहे की नाही?"

मास्तरांनी न वळताच एकेक अक्षर सांगितले. सकाळपासून डोनालने त्या ओळीतला प्रत्येक शब्द असाच विचारून लिहिला होता. छिन्नी त्याने आणलीच नव्हती. ती म्हणे धारेला दिली होती.

दुसऱ्या दिवशी रविवारी फादर येऊन थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडणार होते. त्यामुळे दफनभूमीत आज निम्मा गाव वाकलेला होता. कुणी गवत उपटत होते, कुणी गेल्या वर्षीची प्लॅस्टिकची फुले साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा खोचत होते. समुद्रावरून येणारा वारा बायकांचे रुमाल डोक्यावरून मागे ओढत होता. मेयो परगण्याच्या या टोकाला ऑगस्टमध्येही ऊन पडते ते कर्तव्य म्हणून, आणि लगेच आत जाते.

दगडावर सर्वांत खाली मार्च महिन्यात कोरलेले मास्तरांच्या बायकोचे, अ‍ॅट्रॅक्टाचे नाव अजून पांढरे होते. त्याखाली मास्तरांच्या नावापुरती जागा सोडलेली होती, आणि त्या रिकाम्या जागेखाली खडूची ओळ होती: 'डुर्लिन, राजकवींचे कुळ. या नावाचा अखेरचा पुरुष येथे विसावला आहे.'

अखेरचा, हे आता निर्विवाद होते. वसंतात टास्मानियाहून दूरध्वनी आला होता. होबार्टचा रेमंड डुर्लिन गेला, त्याला मागे कुणी नाही. त्या संध्याकाळी मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या नकाशातून होबार्टची टाचणी काढली, आणि तिला बांधलेला लोकरीचा धागा बोटाभोवती गुंडाळत बराच वेळ उभे राहिले. धागे अ‍ॅट्रॅक्टाने बांधले होते. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या गावाला तिने काळा दिला होता, ग्लासगोच्या गोदीला राखाडी आणि होबार्टला हिरवा. जगात कुठेही डुर्लिन सापडो, धागा धरून मागे यावे तर तो याच एका गावात, खडकाळ किनाऱ्यावरच्या याच एका घराच्या दारात येई.

या गोष्टीवरच मास्तरांचा सारा युक्तिवाद उभा होता. इतर आडनावे दोन-दोन, तीन-तीन परगण्यांत वेगवेगळी उगवतात आणि मग एकमेकांत मिसळून आपले मूळ हरवून बसतात. डुर्लिन तसे नव्हते. त्याला एकच मूळ होते, म्हणून ते शुद्ध होते. एखाद्या सरदाराने पराभूत दरबारातल्या कवीला समुद्राकाठी जमीन तोडून दिली असावी आणि कुळ तिथेच रुजले असावे. नावातले पहिले पद त्यांनी जुन्या काव्यभाषेतल्या, 'शब्द' असा अर्थ असलेल्या एका पदाशी जोडले होते. गावच्या बोलीत डुर्लिन म्हणजे लाटांनी रचलेल्या गोट्यांचा किनारा, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते डावलले नव्हते, त्याचे रीतसर खंडन केले होते. वारसा मंडळाच्या व्याख्यानात दर वर्षी ते चष्मा काढून विचारीत, "माणसाला किनाऱ्याचे नाव कोण देईल?" सभागृहात कुणीही उत्तर देत नसे. मागच्या टेबलावर अ‍ॅट्रॅक्टा चहाचे कप मांडीत असे.

व्याख्यानाहून घरी आले की ती त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर सोडवीत म्हणायची, "जेव आता, डाल्ता." डाल्ता म्हणजे शिष्य. साऱ्या गावाला पाढे शिकवलेल्या मास्तरला घरात शिष्य म्हणण्यातली तिची थट्टा मास्तरांना मनापासून आवडे. इस्पितळात, जेव्हा तिला इतर बहुतेक शब्द सापडेनासे झाले होते, तेव्हाही तो एक तिला सापडत असे.

"काय मास्तर, राजवाडा बांधून झाला का?"

बाइना पॅडन काठी टेकत वाटेवरून येत होती. ती आणि मास्तर एकाच वर्गात शिकले होते. पुढे ती लग्न न करता पॅडनांच्या घरातच म्हातारी झाली. या परगण्यात जिने मास्तरांना कधी 'तुम्ही' म्हटले नाही अशी आता ती एकटीच उरली होती.

"ये. वाच," मास्तर म्हणाले.

तिने वाचले. पुन्हा वाचले. डोनाल तोवर पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसला आणि पावाची पुडी सोडू लागला.

"हे कोरणार?"

"छिन्नीला धार आली की."

"खडूतच बरं दिसतंय."

"खडू पावसाने जातो, बाइना."

"म्हणून तर म्हणते."

मास्तरांना तिचे हे आडवे बोलणे नवीन नव्हते. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिले. हात रिकामे होते.

या परगण्याची एक रीत आहे. आशीर्वादाच्या आदल्या दिवशी मृताच्या मूळ गावचा एक दगड त्याच्या माणसांनी आणून थडग्यावर ठेवायचा. परक्या गावाहून लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरचा दगड येतो, आणि तो आला नाही तर लोक तिच्या भावांना वर्षभर नावे ठेवतात. अ‍ॅट्रॅक्टाचे कुणी उरले नव्हते, म्हणून मास्तर स्वतः बसने स्लायगोला जाऊन तिच्या गावच्या ओढ्यातला दगड घेऊन आले होते. डुर्लिनांच्या थडग्यावर मात्र दगड ठेवीत ते पॅडन, दर वर्षी, आणि तोही आपल्या घरच्या थडग्याकडे जाण्याच्या आधी. पूर्वी बाइनाची आजी ठेवी, मग आई, मग बाइना. कवीच्या कुळाला शेजाऱ्यांनी दिलेला तो मान होता, असे मास्तरांनी छापील लेखातही म्हटले होते.

"तुझा दगड?" त्यांनी विचारले.

"या वर्षी माझ्याच्यानं खाली उतरवत नाही. गुडघे गेले." ती काठीवर रेलली. "तू चल. तू वाक, मी बोट दाखवते. आणि कुणाला तरी ठाऊक असायला हवं ना, मी गेल्यावर. माझे भाचे पर्थला घरं रंगवतात. ते काय येतात गोटे उचलायला!"

दफनभूमीच्या मागून पायवाट किनाऱ्याकडे उतरते. बाइना वाटेत थांबत, मास्तरांना दोष देत, मेंढ्यांना शिव्या देत उतरली. खाली ओहोटी होती. लाट मागे सरली की सारा किनारा दात वाजल्यासारखा कडकड वाजे आणि पुन्हा गप्प होई. एका मोठ्या सपाट शिळेपाशी ती उभी राहिली.

"हिच्या पायथ्याचाच घ्यायचा. दुसरा चालत नाही."

"लॅक अन डाल्ता," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आपोआप व्याख्यानाचा झाला. "शिष्याची शिळा. कवींच्या गुरुकुलातले विद्यार्थी इथे बसून..."

"इथे? या वाऱ्यात?" बाइना हसली. "कविता पाठ व्हायच्या आधी निमोनिया झाला असता रे त्यांना."

"तेव्हाची माणसे चिवट होती."

"होतं," ती म्हणाली. "एक होतं चिवट."

मास्तर दगड उचलायला वाकले होते, ते तसेच राहिले.

"डाल्ता म्हणजे शिष्य हे तुझ्या शाळेत," बाइना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "आमच्या चुलीपाशी डाल्ता म्हणजे दुसऱ्याच्या घरी वाढलेलं पोर."

"कोशात तोही अर्थ आहे. मी त्याचा विचार..."

"फेलिम, गप्प बस जरा." तिने त्यांना नावाने हाक मारली तशी ते सरळ उभे राहिले. "बटाटे कुजून दुष्काळ पडला त्या वर्षीची गोष्ट आहे. माझ्या आजोबांची आजी पहाटे इथे शेवाळ गोळा करायला आली होती. शिजवून खायला. तर या दगडाच्या आडोशाला माशांची टोपली, आणि टोपलीत पोर. तिचं स्वतःचं अंगावरचं पोर आदल्या आठवड्यात गेलं होतं. दूध होतं. नेलं घरी."

एक लाट आली आणि गेली. मास्तरांनी शिळेवर हात ठेवला.

"याला आधार काय?"

"तुझ्या हाताखाली आहे तो."

"मी लेखी आधार म्हणतोय."

"लिहायला कोण जिवंत होतं, मास्तर?"

मग मास्तरांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, पण या वेळी तो व्याख्यानातल्यासारखा आला नाही.

"माणसाला किनाऱ्याचं नाव कोण देईल?"

"आजोबांच्या आजीचा नवरा. मोठा हट्टी होता म्हणे. सगळे म्हणाले, पॅडन लाव, सोप्पं. तो म्हणाला, आणि उद्या याची आई शोधत आली तर? जिथं ठेवलं तिथलंच नाव असू दे. कुणालाही विचारलं तरी तिला सापडेल. मोठा झाल्यावर त्याला वर किनाऱ्याच्या डोक्यावर खोपटं घालून दिलं. इथूनच दिसेल असं."

"ती आली?"

बाइनाने रुमालाची गाठ घट्ट केली. "कुठली येते. त्या वर्षी गेलेलं कोण परत आलं?"

मास्तरांनी वर पाहिले. त्यांच्या घराचे स्वयंपाकघराचे तावदान ढगांखाली काळे दिसत होते. त्याच्या आत, भिंतीवर, सारे धागे एका टाचणीपाशी येऊन थांबले होते.

"आणि हा दगड? मानाचा..."

"मान कसला? माहेरचं कुणी नाही त्याचं, म्हणून. दूध पाजलं त्या बाईनं मरताना सांगून ठेवलं, याला दर वर्षी इथला दगड न्या. तो बिनदगडाचा राहायला नको."

"गावात कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"वारा वाढतोय. चल."

"बाइना."

"तू व्याख्यान द्यायचास तेव्हा कुणी हसलं कधी?"

"नाही."

"मग झालं तर."

मास्तरांनी शिळेच्या पायथ्याचा एक गोटा उचलला. तो ओला, काळा आणि हाताला अतिशय थंड होता. त्यांनी तो कोटाच्या खिशात टाकला, मग पुन्हा बाहेर काढून हातातच धरला. पायवाटेच्या तोंडाशी आल्यावर, बाइनाची पाठ त्यांच्याकडे असताना, त्यांनी विचारले,

"अ‍ॅट्रॅक्टाला?"

बाइना थांबली, पण वळली नाही.

"लग्न होऊन आली ना, त्या पहिल्याच वर्षी तिनं माझ्या आईला विचारलं, तुम्ही आमच्यात दगड का ठेवता? आईनं सांगितलं. आम्हाला वाटलं रडेल, नाहीतर सामान बांधेल. ती म्हणाली, त्यांना कुणी काही बोलू नका. माझं मी बघते." बाइनाने काठी पुढे टाकली. "आणि बघितलं की तिनं. बघितलं नाही असं कोण म्हणेल?"

दफनभूमीत आता थोडीच माणसे उरली होती. मास्तर आणि बाइना फाटकातून आत आले तेव्हा प्रत्येकाला आपापल्या थडग्यावर काहीतरी काम सापडले. डोनालने पावाचे तुकडे झटकले आणि तो भिंतीवरून खाली उतरला.

"काय मास्तर, एखाददुसरा शब्द कमी करायचा का?"

"सगळी ओळ पूस."

डोनालने का म्हणून विचारले नाही. त्याने बाही खाली ओढून राजकवींचे कुळ पुसले, मग अखेरचा पुरुष पुसला. दगडावर एक पांढुरका ढग राहिला. मास्तरांनी वाकून गोटा थडग्यावर, स्लायगोहून आणलेल्या दगडाला टेकवून ठेवला. वाऱ्याने तो वरच्या बाजूने वाळू लागला होता आणि वाळता वाळता त्याचा काळा रंग जाऊन इतर गोट्यांसारखाच राखाडी होत होता. थोड्या अंतरावर बाइना पॅडनांच्या थडग्याकडे वळली.

"मग खाली काहीच नको?" डोनाल म्हणाला.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि तो न घालताच हातात धरून ठेवला.

"माझ्या नावाच्या जागेखाली एक शब्द लिही," ते म्हणाले. "डाल्ता."

डोनालने कानामागचा खडू काढला, क्षणभर थडग्यावरच्या गोट्याकडे पाहिले, आणि कसा लिहायचा हे न विचारता तो शब्द लिहिला.