दहा मोजेपर्यंत

मी तार बोलतेय. विजेची नाही, कुंपणाची तर मुळीच नाही. एका दांड्याच्या टोकाला बसवलेली दोन-तीन इंचांची बारीक तार, आणि तिच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढं कडं. जंतूंच्या प्रयोगशाळेत मला लूप म्हणतात. आगीत लाल व्हायचं, नमुन्यात बुडी मारायची, थाळीतल्या जेलीवर रेघोट्या ओढायच्या आणि पुन्हा आगीत जायचं. दिवसातून पन्नास वेळा! एवढं भाजूनही मी कधी 'आई गं' म्हटलं नाही.

माझा जन्म एका हीटरमध्ये झाला. चांगला चालू हीटर होता. आमची ताई प्रयोगशाळेत कामाला. एका संध्याकाळी ती घरी एवढंच म्हणाली, की लूप तुटलाय आणि नवा यायला महिना लागेल. तिचा धाकटा भाऊ वेल्डर, वेगळा राहणारा, त्या दिवशी जेवायला आलेला. त्याच्या हाताला कायम खाज. ताई हात धुऊन येईस्तोवर त्याने हीटर उघडला होता.

"अरे मूर्खा, चालू आहे ना तो!"

"चालू होता," भाऊ म्हणाला.

त्याने वेटोळ्यातून मला ओढून सरळ केलं, कापलं आणि बारीक खिळ्याभोवती फिरवून कडं दिलं. ती सगळी थंडी ते घर ब्लँकेट पांघरून फिरलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी नोकरीला लागले.

जंतूंचे लाड पाहून मी तर थक्कच झाले. आयती जेली, उबेच्या कपाटात झोप, ना भाडं ना काम. रात्रभरात एकाचे लाखो. मग ताई त्यांना काचेवर पसरायची, जांभळ्या रंगाने न्हाऊ घालायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणायची, "या या, कोण आपण?" कुणी साखळीने उभे, कुणी घडाने बसलेले. वागण्यावरून ती घराणं ओळखायची.

एक नियम ताई कधी मोडायची नाही. मला आगीतून काढलं की दहा मोजायचे आणि मगच जंतूंना लावायचं. लालपणा गेला तरी मी आतून तापलेलीच असते ना! पण नुसते आकडे मोजायचा तिला कंटाळा. ती भावाचे गुन्हे मोजायची.

"एक, चालू हीटर उघडला. दोन, शाळेच्या खिडकीतून पळाला तो पळालाच. तीन, शेजाऱ्यांची कोंबडी चंदेरी रंगवली. चार, फाटक जोडायला गेला, कुलपासकट जोडून आला. पाच, डबे बदलले, मी दुपारी नट-बोल्ट उघडले..."

सहा, सात, आठ. नऊ म्हणजे पाहुण्यांच्या बुटात डिंक. सगळी प्रयोगशाळा ऐकायची. प्रमुख मॅडमही कपाटाआडून हसायच्या. दहावा मात्र कुणी ऐकला नाही. तोवर ताईने थाळीचं झाकण उचललेलं असायचं आणि उघड्या थाळीवर बोलायचं नसतं. म्हणून दहावा ती मास्कच्या आत पुटपुटायची. तो फक्त मला ऐकू यायचा.

एका सोमवारी ताई आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मॅडमनी तिचा पांढरा कोट खुर्चीवरून उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. रस्त्यात अपघात झाला होता, असं कुणीतरी हळू म्हणालं. त्या दिवशी मला कुणी आगीत घातलं नाही. 

मग नवे साहेब आले. पदव्या इतक्या, की नावापेक्षा शेपूट लांब. आणि घाई तर विचारू नका. आगीतून काढली की थेट नमुन्यात. छस्स!

त्याच आठवड्यात एका पोस्टमनच्या पायाच्या जखमेतला पू तपासायला आला. गोळ्या लागू पडत नव्हत्या, पाय सुजत चालला होता. कुठले जंतू आणि कुठलं औषध त्यांना मारतं, हे आम्ही सांगायचं होतं. काचेवर जांभळे घड दिसत होते, पण थाळी कोरी! दुसऱ्यांदा कोरी. तिसऱ्यांदाही कोरी. काचेवर मेलेलेसुद्धा दिसतात हो, पण थाळीत वाढायला जिवंत लागतात. साहेबांनी जेलीला दोष दिला, कपाटाला दिला, शेवटी जंतूंनाच दिला.

"हट्टी जात आहे," ते म्हणाले.

मी ओरडून सांगणार होते, पण तारेला तोंड कुठलं?

दवाखान्यातून फोन आला. दोन दिवसांत औषध कळलं नाही तर पाय कापावा लागेल. साहेबांनी घाम पुसला आणि चौथी थाळी घेतली.

तेवढ्यात भाऊ आला. ताईचा कप आणि चपला न्यायला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. तो दारातच उभा होता. साहेबांनी मला आगीतून काढून पुवात टेकवलं. छस्स!

"अहो, भाजलंत की त्यांना!" भाऊ ओरडला.

"कुणाला?"

"आत जे कोण असतील त्यांना! लाल गेलं म्हणजे गार झालं होय? मी वेल्डर आहे साहेब, माझ्या हातावरचे डाग बघा. सगळे लाल गेल्यावरचे आहेत."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "ती दहा मोजायची!"

"काय मोजायची?" भावाने विचारलं.

"तुमचे गुन्हे," मॅडम म्हणाल्या आणि हीटरपासून सुरुवात केली. कोंबडीला भाऊ हसला. कुलपाला रडायला लागला. नट-बोल्टांना दोन्ही एकदम. नऊपर्यंत येऊन मॅडम थांबल्या.

"दहावा?" साहेबांनी विचारलं.

"तो नाही माहीत."

भावाने कप छातीशी धरला. "मला माहितीय. फोन उचलत नाही, हाच असणार. त्या सकाळी तिचा फोन आला होता. मी झोपलो होतो."

साहेबांनी मला आगीत धरलं, बाहेर काढलं आणि पहिल्यांदाच थांबले. "एक, चालू हीटर उघडला..." त्यांनी मॅडमकडे बघत बघत नऊपर्यंत नेलं आणि दहाव्याला नुसतं 'दहा' म्हणाले.

सकाळी थाळीवर सोनेरी ठिपक्यांची जत्रा भरली होती. दुसऱ्या दिवशी औषध कळलं. महिन्याने पोस्टमन स्वतःच्या पायांनी चालत पत्र द्यायला आला आणि पत्र चुकीच्या खोलीत टाकून गेला.

आता मी म्हातारी झालेय. कड्यापाशी झिजलेय, एक दिवस आगीतच तुटेन. नवी तार तयार आहे. भावाने या वेळी स्वतःच्या घरचा हीटर उघडलाय म्हणे. पण जाण्याआधी एक काम तुमच्यावर सोपवते. तो वेल्डर कुठे भेटला तर त्याला सांगा, दहावा फोनचा नव्हता. मी रोज पन्नास वेळा ऐकलाय, माझी चूक व्हायची नाही. शब्द बदलू नका, तिचेच सांगा:

"दहा, रविवारी जेवायला येतोच मेला, आणि आला की घर भरतं."