मला थोडी रिकामी राहू द्या

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, वेताच्या बैठकीची, आणि माझं तुम्हाला सांगणं आहे की माझ्यावर जरा कमी बसा. हसू नका. खुर्चीनं असं बोलावं हे मलाही विचित्र वाटतं, पण माझी हकिकत ऐकलीत तर पटेल.

माझा जन्म नांदुऱ्याचा. कय्यूम मिस्त्री तेव्हा नुकता कामाला लागला होता, आणि त्यानं एकट्यानं पुरी केलेली पहिली खुर्ची म्हणजे मी. म्हणूनच माझा एक हात दुसऱ्यापेक्षा किंचित वर आहे. लोक त्याला खोट म्हणतात. म्हणू देत बापडे.

तिथल्याच एका जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर मी लागले. कापसाच्या गाड्या मोजून घेणारे उकंडराव माझे पहिले मालक. खरं सांगायचं तर ते माझ्यावर बसलेच कमी. गाडी आली की उठायचे, कापसात कोपरापर्यंत हात घालून ओल बघायचे, काट्यापाशी जायचे, परत येऊन जरा टेकतात न टेकतात तोच दुसरी गाडी दारात हजर. ‘या खुर्चीले माहं सुख पाहावत नाही,’ असं ते कुरकुरायचे. पण नोकरी संपेपर्यंत माणूस सडसडीत राहिला आणि माझा वेतही ताठ राहिला. पुढं काटा कॉम्प्युटरवर गेला, चाकांच्या खुर्च्या आल्या, नि मला गोदामात सरकीच्या पोत्यांमागं ढकललं. उंदरांनी माझा वेत कुरतडला. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दिवसांचं फार सांगत नाही, अजून वाईट वाटतं.

जिनिंगवाल्यांनी जुनं सामान काढलं तेव्हा मोताळ्याजवळच्या एका गावचे शेतकरी पुंजाजी मला घेऊन गेले. त्यांच्या मुलाला, गोकुळला, पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती आणि काम घरूनच करायचं होतं. ‘लेकाले बसाले खुर्ची पाह्यजे,’ असं वाटेत भेटेल त्याला पुंजाजी सांगत होते. घरी पोचल्यावर त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, माझा वेत भरून घेतला, मला हळदीकुंकू लावलं, जुन्या लुगड्याची गादी शिवली. मी अशी फुगले की विचारू नका.

त्या दोघांनी जन्मभर एकतर उभ्यानं काम केलं, नाहीतर वाकून. निंदण, फवारणी, कापूस वेचणं. बसून पगार मिळवणारा घरात हा पहिलाच. त्यामुळे बसणं हेच त्याचं काम, असं दोघांनी मनाशी धरलं. त्यात गोकुळनं एकदा सांगितलं की लॅपटॉपवर त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका असतो, आणि बराच वेळ जागेवर नसलं की तो पिवळा होतो. झालं, त्या दिवसापासून विमलबाईंनी पोराला हलूच दिलं नाही. ‘आई, पाणी,’ म्हटलं की तांब्या हातात. चहा, भाकर, मोबाइलचं चार्जर, सगळं माझ्या हाताशी. शेजारीण म्हणाली, ‘दळण आणाले गोकुळले धाडा ना,’ तर विमलबाईंनी तिलाच डोळे वटारले. ‘ठिपका पिवळा होते ना त्याचा. काऊन उठवू मी त्याले?’

हा गोकुळ आधी शेतापर्यंत पळत जाऊन पळत येणारा गडी. पुंजाजींचा गुडघा सुजायचा, म्हणून पोळ्याला बैल वेशीवरच्या तोरणाखाली न्यायचा मान त्याचाच. पण आता त्याचं पोट सुटलं, खांदे पडले, आणि माझ्या बैठकीला खोल खड्डा पडला. कय्यूम मिस्त्रीला बोलावलं. मला दुरुस्त करायचं म्हणून गोकुळला लॅपटॉपसकट उचलून बाजेवर बसवलं. आता डोक्याचे केस पांढरे झालेला कय्यूम हसत म्हणाला, ‘वैनी, वेत मी नवा भरून देतो. पण याची कंबर बसली त थे भराले कोन येईन?’ सगळे हसले. गोकुळही हसला, स्क्रीनवरची नजर न काढता.

पोळ्याच्या दिवशी तो मीटिंग संपवूनच उठला. पायांना मुंग्या आल्या होत्या, तसाच कासरा धरून निघाला. वेशीवर मी नव्हते, पण नंतर त्याला आणलं ते माझ्याकडंच, म्हणून सगळं कानावर आलं. तोरणाखाली डफडी वाजली, मोऱ्या बैलानं एक हिसका दिला, आणि गोकुळच्या पाठीत अशी कळ गेली की तो चिखलात बसला तो उठेचना. बैल पुढं नेले शेजारच्या धम्मरत्ननं. पुंजाजी लंगडत मागून आले. विमलबाईंना एवढंच म्हणाले, ‘आपले बैल आज दुसऱ्यानं नेले.’

डॉक्टर म्हणाले, मोडलं काहीच नाही, बसून बसून पाठ आखडली आहे. पण असंच चाललं तर पुढच्या पोळ्याला बैल सोडा, यालाच धरून चालवावं लागेल. ‘अन् ठिपका?’ गोकुळच्या डोक्यात तेच. शेवटी त्यानं लाजत लाजत मलिहाला विचारलं. मलिहा त्याच्या कामावरची वरिष्ठ, खामगावची मुलगी. लॅपटॉपमधून तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. ‘अरे, तो ठिपका कोन पाह्यते? काम टाइमावर झालं, बस. मी त आत्ताही गच्चीवर चालूनच बोलून राह्यली. माह्या चपलेचा आवाज येत नाही का तुले?’

दारात विमलबाई चहा घेऊन उभ्या होत्या. ‘म्हंजे मीच त्याले लुळं करून राह्यली होती,’ त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला माठ उचलला आणि अंगणाच्या पार टोकाला लिंबाखाली नेऊन ठेवला. थोड्या वेळानं गोकुळनं हाक मारली, ‘आई, पाणी.’ सवयीनं त्या तांब्या घेऊन उठल्या, दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. मग उंबऱ्यातच बसल्या, तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरून. ‘माठ लिंबाखाली आहे,’ त्या तोंड फिरवून म्हणाल्या. त्यानं पुन्हा हाक मारली. त्या हलल्या नाहीत, नुसता पदर डोळ्याला लावला. तहानलेल्या लेकराला पाणी न देणं त्या माउलीला किती जड गेलं, ते मी जवळून पाहिलं आहे. शेवटी गोकुळ माझे हात दाबत, कण्हत, बडबडत उठला आणि अंगण ओलांडून गेला.

तिथून गाडी रुळावर आली, पण एकदम नाही. काम वाढलं की स्वारी पुन्हा मला चिकटायची. मग मीही माझा तो वरचा हात त्याच्या कोपराला टोचत राहायचे. माझ्याच्यानं होईल तेवढं मी केलं. हळूहळू तो फोनवर बोलताना लिंबाभोवती फेऱ्या घालू लागला, दळण आणू लागला, संध्याकाळी शेतात जाऊन येऊ लागला. माझ्यावर दुपारी मांजर झोपू लागलं. आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्याची पाठ ताठ होताना दिसली आणि राग गेला.

यंदाच्या पोळ्याला गोकुळनं बैल तोरणाखालून नेले आणि सगळ्या गावातून फिरवून दारात आणले, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. पुंजाजी माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. विमलबाईंनी बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली. सकाळपासून त्या चुलीपुढून हलल्या नव्हत्या. गोकुळनं त्यांना खांद्याला धरून माझ्यावर बसवलं. मी या घरात आले तेव्हापासून मला रोज पुसणारी ही बाई माझ्यावर बसली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

मित्रांनो, मला पुसा, माझा वेत वेळेवर भरा, उन्हापावसात टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण मी लाकडाची आहे, एका जागी राहणं मला शोभतं. तुम्हाला पाय आहेत. काम करता करता मधून मधून उठत जा. आणि उठलात की पाहा, घरात असं कोणी आहे का, ज्याला बसायला कधी सवडच मिळाली नाही. त्याला बसवा माझ्यावर.

‘अरे, सैपाक उघडा पडला आहे,’ म्हणत पोळ्याच्या त्या दिवशीही विमलबाई लगेच उठू लागल्या. गोकुळनं ऐकलं नाही. तो अंगण ओलांडून लिंबाखाली गेला, माठातून तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला.

‘आई, पाणी,’ तो म्हणाला.