घराबाहेरची प्रत

माझी बायको प्रेमला गेल्यावर तिचे फोटो आणि तिचा आवाज एवढंच उरलं, तेही कॉम्प्युटरवर. आमची मुलगी प्रियदर्शिनी म्हणाली, "बाबा, तीन ठिकाणी ठेवा, एक तरी घराबाहेर." म्हणून मी एक हार्ड डिस्क टेबलावर ठेवली आणि दुसरी कळंबोलीला मेहुणी उज्वलाकडे दिली.

दसऱ्याला मी कॉम्प्युटरची पूजा केली. डिस्कही शेजारी मांडली. दोन्हींवर पळीने पाणी सोडलं. प्रेमला नुसतं फूल ठेवायची, हे नंतर आठवलं. तोवर दोन्ही बंद पडली होती.

उज्वलाला फोन लावला. "तुझ्याकडच्या डिस्कची पूजा केलीस?"

"कपाटात साड्यांखाली आहे, दाजी. विसरलेच मी. ताई असती तर ओरडली असती."

"नसती ओरडली," मी म्हणालो. "दिवाळीलाही विसर."